लडकूच्या हाताचा रंग

भिवंडीच्या त्या लहानशा हॉस्पिटलात अशी ऑपरेशनं आता नवलाची राहिली नव्हती. मानकोलीच्या गोदामात लडकूचा डावा हात मशीनच्या पट्ट्यात चिरडला होता. त्याच्याच मांडीचं कातडं-मांस रक्ताच्या नळ्यांसकट काढून डॉक्टर नागसेन ते हातावर बसवत होते. शेवयांहून बारीक त्या नळ्या. त्यांतून रक्त वाहतं राहायला प्रेशर सांभाळायचं, ते काम भूलतज्ज्ञ वनिताचं. लडकूचा हात आणि कंबरेखालचं अंग बधिर केलेलं, बाकी तो जागा होता, डोळे मिटून.

प्रेशर पंच्याऐंशीवर घसरलं.

"पांढरं पडतंय," नागसेन म्हणाले.

वनिताने सलाईन वाढवलं. प्रेशरचं औषध बेतानेच दिलं. जास्त झालं तर नळ्याच आवळतात. आकडा हलेना.

तेवढ्यात मेघाली आत आली. वनिताच्याच हाताखाली शिकलेली पोरगी. वनिताने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि आकडा एकशे दहावर गेला. कातडं गुलाबी झालं.

"वा मेघाली! आलीस आणि काम झालं," नागसेन हसले.

वनिताच्या पोटात दुखलं. सलाईन आपण वाढवलं आणि शाबासकी हिला! मागून आली आणि तिखट झाली. तिने मेघालीला रक्ताची पिशवी आणायला पिटाळलं आणि स्वतः लडकूकडे वळली. प्रेशर पडलं. दंडाचा प्रेशरचा पट्टा तपासला, वायर बदलली. सगळं ठीक होतं. मेघाली परतली, वनिताने वळून पाहिलं. प्रेशर चढलं.

"हिला आता हलू देऊ नका," नागसेन म्हणाले. "पुन्हा पांढरं पडलं तर हात गेला."

गेला तर गेला, पण हिच्यामुळे वाचायला नको, असं वनिताच्या मनात आलं. आपल्याच विचाराने ती दचकली आणि लडकूवर वाकली.

"बाय," डोळे न उघडता लडकू पुटपुटला. "ती काय करीत न्हाय. तुमी तिच्याकं बघता ना, तवाच मना सोडता."

वनिता ताठ झाली. तिने भिंतीकडे पाहिलं.

एकशे दहा.

लडकूकडे पाहिलं. शंभर. नव्वद.

पुन्हा भिंत. आकडा चढला.

"छान," नागसेन म्हणाले. "शेवटचे टाके. असंच राहू द्या."

भिंतीकडे बघूनही भागलं असतं. वनिताने मान वळवली आणि ती मेघालीकडे बघत राहिली.

लडकूचा हात गुलाबी राहिला. नागसेननी मेघालीला पुन्हा शाबासकी दिली. मेघालीने हसायचा प्रयत्न केला, मग स्टूल ओढून बसली.

"मॅडम, एसी लावलाय का?" ती तळवे चोळत होती. "बोटं गार पडलीत माझी."

खोलीत सगळ्यांचे गाऊन घामाने भिजले होते.

"नाही गं," वनिता मायेने म्हणाली, आणि तिने नजर हलवली नाही.