साखर सोडलेलं गिऱ्हाईक

भाजीबाजारात तो मला अचानक दिसला – आणि त्याच्या शेजारी ती दिसली.

तो म्हणजे आमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर. रोज संध्याकाळी आमच्या बेकरीत यायचा, काचेवर वाकून केक निवडायला उगाच वेळ लावायचा, आणि मीही त्याला तो लावू द्यायचे. मग एकाएकी यायचाच बंद झाला. आजारी असेल, बदली झाली असेल... मी स्वतःची समजूत काढत होते. आणि इथे हा एका देखण्या बाईकडून घेवडा कसा निवडायचा ते शिकत होता. तिने एक शेंग त्याच्या कानाशी धरून कट्कन मोडली. दोघंही हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चौकशी केली तेव्हा कळलं, त्याला मधुमेह निघाला होता, इतक्या तरुणपणी. ती दवाखान्यातली आहारतज्ज्ञ. दर शनिवारी मधुमेहाच्या रुग्णांना काय आणि कसं खायचं ते शिकवायची. ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आधी शनिवार लक्षात राहिला.

आईचीही साखर वाढलेलीच होती. तिला वर्गाला चल म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा तिने मला नीट निरखलं.

"माझी साखर वाढली म्हणून, की तुझं डोकं फिरलंय म्हणून?"

मी म्हटलं, दोन्ही.

ती बाई छान शिकवायची, हेच तर दुखणं होतं. अर्धं ताट भाज्यांचं, पाव ताट डाळी-कडधान्यांचं, उरलेलं धान्याचं. फळ चावून खायचं, रस काढून नाही. माझं कधी न ऐकणारी आई मान डोलवत होती. मी मात्र बाई त्याच्या टेबलापाशी किती रेंगाळते ते बघत होते. त्याच्या गाजराच्या चकत्यांचं तिने कौतुक केलं. चकत्या अगदी वेड्यावाकड्या होत्या.

वर्ग सुटल्यावर तो जिन्यात थांबला होता. मी म्हटलं, शिकवणाऱ्या बाई फार छान दिसतात. तो हो म्हणाला. मी तरातरा दोन पायऱ्या उतरले.

"रागावलात?"

"गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं की दुकानदाराला राग येतोच."

तो कठड्यावरून बोट फिरवत राहिला. "त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, सगळ्यात जास्त मोह कुठे होतो. मी तुमची बेकरी सांगितली. त्या म्हणाल्या, काही दिवस तिकडे फिरकू नका."

"केकचा मोह."

"त्यांना तसंच वाटलं... मी दुरुस्त केलं नाही."

आता राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

"मग आता आवरता येतो?" मी विचारलं.

"केकचा येतो."

मी खाली बघितलं. तोही खालीच बघत होता. माझ्या ओढणीचं टोक कठड्यात अडकलं होतं, ते त्याने सोडवलं, आणि हातातच धरून ठेवलं.

तेवढ्यात आहारतज्ज्ञ बाहेर आली आणि त्याला गोड आवाजात म्हणाली, पुढच्या शनिवारी जरा लवकर या. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"येऊ की," त्याच्या आधी मीच म्हणाले. "आम्ही दोघंही."

वरच्या पायरीवरून आईने हळूच विचारलं, "मी आले तर चालेल ना?"