सोमवारच्या पेपरातली चोरी

सोमवारी सकाळी साडेनऊला मंजुषानं माहिती केंद्राचं कुलूप काढलं आणि ती दारातच थिजली. चारही कम्प्युटर गायब! कुलूप शाबूत, खिडक्या आतून बंद, आणि गावाला ठाऊक असलेली एकुलती एक चावी तिच्याच हातात.

हिंगणीत अशी गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? तिची आई विमलाबाई किराण्याचं दुकान तसंच उघडं टाकून धावली. नऊच्या मोटारीनं आलेल्या पेपरांच्या गठ्ठ्याची सुतळीही तिनं सोडली नव्हती.

केंद्र एका लहानशा परदेशाच्या मदतीतून उभं राहिलेलं. गावात आणलं ते प्रभाकरराव गुरुजींनी. मंजुषा तिथं पोरांना कम्प्युटर शिकवी आणि गुरुजी बायकांना पेपर वाचायला शिकवत. "बातमी कोणी दिली, कधी दिली, ते अगोदर बघा," असं बजावत. नवरा गेल्यावर विमलाबाईला सावरलं ते याच माणसानं. बारा वर्षं ती त्यांना राखी बांधत होती. आता सरकारनं लहान देशांची मदत नाकारली होती. केंद्र बंद होणार, यंत्रं पुढच्या आठवड्यात तालुक्याला जमा करा, असं पत्र आलं होतं.

हवालदार चंद्रभाननं मंजुषाला समोर बसवलं.

"केंद्र बंद कधी केलं?"

"शनिवारी पाचले."

"कालचा रविवारचा वर्ग?"

"भरलाच नाई. तानबाची माय गेली ना, सारं गाव घाटावर गेलतं. मी इकडे फिरकलीच नाई."

"दुसरी चावी?"

"गुरुजी म्हणे, हरवली."

"मंग यंत्रं काय उडून गेली? उद्या सकाळी ठाण्यात येजो. दुसरा कोणी सापडला नाई, तर अटक करा लागीन."

विमलाबाईनं ते दारातून ऐकलं. पोरीवर चोरीचा डाग लागला की तो जन्मभर पुसत बसायचा.

दुपारी गुरुजी वर्ध्याहून आले. शनिवारी रात्रीपासून ते तिथल्या नालवाडीला, कम्प्युटर क्लास चालवणाऱ्या पुतण्याकडे, अंकुशकडे, होते. मंजुषाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नको बेटा, मी आहे ना." विमलाबाईला रडू फुटलं. देवमाणूस, तिला वाटलं.

मग ती दुकानात आली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून तिनं गठ्ठा सोडला. सवयीनं एक पेपर उलगडला, चौथ्या पानावर बोट ठेवून वाचू लागली, आणि बोट एका जागी थांबलं.

'हिंगणीच्या माहिती केंद्रातून चार संगणक लंपास. रविवारी सकाळी वर्ग उघडताच चोरी उघडकीस.'

तिनं ते तीनदा वाचलं. पेपर घडी घालून पदराखाली घेतला आणि चंद्रभानला गाठलं. "सेलूच्या मोतीलालले बोलवा. पेपरले बातम्या तोच धाडते. अन् गुरुजीले थांबवून ठेवा."

चारच्या सुमारास सगळे केंद्रात जमले. चंद्रभान वैतागला होता. "बाई, काय ते लवकर सांगा."

विमलाबाईनं पेपर मोतीलालपुढे धरला. "ही बातमी तुमाले कधी भेटली?"

"काल दुपारी एकले. फोन आलता."

"कोणाचा?"

मोतीलाल घुटमळला. "गुरुजीचा. त्याहिनं सांगतलं म्हणून मी तपासली नाई."

"सायेब," विमलाबाई चंद्रभानकडे वळली, "चोरी उघडकीस आली आज साडेनऊले. पेपर गावात आला नऊले. मंग काल एकले या चोरीची खबर कोणाले असन? ज्यानं केली त्यालेच. रविवारी दहाले वर्ग उघडते, बोंब होते, हे त्यानं धरून ठेवलं. पेपरात छापून आलं की तालुक्याचे लोक यंत्रं मागाले येणार नाई. पण माणूस वर्ध्यात होता. गावात मयत झाली, वर्ग भरलाच नाई, हे त्याले कोण सांगन? अन् ते कुलूप माह्याच दुकानातलं, दोन चाव्याचं. दुसरी हरवली म्हणून कोण सांगे? शनिवारी सात ते नऊ लाइट नसते. अंधारात टेम्पो भरला. अंकुशचा कम्प्युटर क्लास पाहून या नालवाडीले."

गुरुजी भिंतीला टेकले.

"मी आणलेली यंत्रं होती ती, विमला," ते म्हणाले. "पाय झिजवले त्याच्यासाठी. कचेरीत धूळ खात पडली असती. पोरांच्या कामी तरी येतील म्हटलं."

"अन् मंजुषा?"

"तिला मी सोडवलीच असती. वकील ठरवून ठेवला होता."

"कधी?"

ते खिडकीकडे बघू लागले.

"दादा, कधी ठरवून ठेवला?"

"शुक्रवारी."

विमलाबाई पोरांच्या बाकावर बसली. चोरी शनिवारची. म्हणजे यंत्रं हलवण्याच्या आधीच या माणसानं तिची पोरगी चोर म्हणून नेमून टाकली होती, आणि आज दुपारी तिच्याच डोक्यावर हात ठेवला होता. तिला रडायचं होतं, पण रडू येईना.

चंद्रभाननं कागद काढला. "जबानी लिहून घेतो, बाई. आरोपीशी नातं?"

गुरुजींनी मान वर केली. विमलाबाईनं मंजुषाचा हात धरला आणि उठून उभी राहिली.

"काई नाई," ती म्हणाली. "लिहा."