कोरी नळी

हातमोजे न बदलता माझ्या टेबलाला कुणी हात लावला, तर मी त्याची सालटी काढते. हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत आहे. दादा म्हणायचा, "किड्यांपेक्षा तूच जास्त वळवळतेस." दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, आमच्याच संस्थेतला पाणबुड्या. तो समुद्राच्या तळातून चिखलाचे डबे भरून आणायचा आणि मी त्या चिखलातून कृमी निवडायचे.

काम किचकट, पण मजेचं. हे कृमी दिसायला एकजात सारखे, गुलाबी, दोऱ्याएवढे. शेपटीचा कणभर तुकडा कापायचा, नळीत विरघळवायचा, यंत्रात त्यातला डीएनए वाढवायचा आणि वाचायचा. मग कळतं, ज्याला इतकी वर्षं आपण एक जात समजत होतो त्या चार जाती आहेत, आणि एकमेकींशी त्यांचं काही देणंघेणं नाही. प्रत्येक खेपेला रांगेच्या शेवटी एक कोरी नळी असते. तिच्यात सगळी रसायनं घालायची, फक्त कृमी नाही. तिच्यातून काही निघता कामा नये. निघालं, तर कुठूनतरी घाण शिरली आणि अख्खी खेप वाया.

दादाला याचं फार हसू यायचं. "काहीच घालायचं नाही, आणि वर त्याचीही परीक्षा घ्यायची! फुकटचा पगार खाता तुम्ही."

तरी चिखल हाताळणाऱ्या सगळ्यांसारखा त्यानेही गालाच्या आतून कापूस फिरवून दिला होता. आमचे सगळ्यांचे डीएनए संगणकात असतात, म्हणजे चुकून नळीत शिरले तर ओळखता येतात.

वारा पडलेल्या एका सकाळी तो खाली गेला. दोरीने डबा वर आला, काठोकाठ भरलेला, झाकण घट्ट लावलेलं. दादा आला नाही. खूप शोधलं. काहीच सापडलं नाही.

तेव्हापासून आईने घराच्या दाराला कडी घातली नाही.

"अगं, चोर येतील," मी चिडायचे.

"येऊ देत. तो आला आणि बाहेर ताटकळला तर?"

मला एवढंच हवं होतं, तो गेला हे तिने एकदा मानावं आणि आम्ही दोघींनी मिळून पोटभर रडावं. तिच्या वाट बघण्यापायी मला धड रडताही येत नव्हतं.

दादाचा तो शेवटचा डबा मीच घेतला. दुसऱ्या कुणाला देववेना. कृमी छान निघाले, पण कोऱ्या नळीतूनही काहीतरी निघालं. पुसट, तुटक, पण माणसाचं. वाचलं तर माझंच.

"मास्क नीट बांध," आमच्या प्रमुख डॉक्टरबाई म्हणाल्या. "काम करताना पुटपुटायची सवय आहे तुला."

बोलणी खाल्ली. टेबल घासलं, रसायनं नवी काढली, पाण्याची बाटली बदलली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं दुसऱ्यांना सोलत आले आणि आता माझीच घाण.

मग जरा डोकं चालवलं. डीएनएचा जो भाग आम्ही वाचतो तो आईकडून मुलांना जसाच्या तसा येतो. तो माझा जसा, तसाच दादाचा. मी कोऱ्या नळीतून उरलेलं पाणी घेतलं आणि एक साधी चाचणी लावली, पुरुषाची खूण आहे का बघायला.

होती.

मग सगळंच ताडून पाहिलं. दादा होता.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. घाणीवर आहे. म्हणून आधी फ्रीजर उपसला. दादाचा कापूस त्याच्या पिशवीत होता, सील शाबूत. डब्यातल्या चिखलाचीच वेगळी चाचणी केली. त्यात कृमी होते, दादा नव्हता.

मध्ये मला ताप आला. मी घरी होते, तेव्हा त्याच डब्यातली खेप डॉक्टरबाईंनी माझ्याच टेबलावर चालवली. कोरी नळी स्वच्छ निघाली.

"म्हणजे घाण तुझ्याबरोबर येते गं," त्या हसत म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती मी कुणालाच सांगितली नाही. मेलेल्या शरीराचा डीएनए पाण्यात भिजलेल्या कागदासारखा विरत जातो. तुकडे दिवसेंदिवस लहान होतात. माझ्या कोऱ्या नळीतले तुकडे मोठे होत होते. प्रत्येक खेपेला आधीपेक्षा लांब.

टेबलापाशी ओहोटीच्या चिखलाचा वास यायला लागला. डबा कधीच झाकून थंड खोलीत ठेवला होता. मी पुन्हा घासून घेतलं. वास माझ्या पाठीमागून येत होता.

काल दुपारी शेवटची खेप लावली. संध्याकाळी डॉक्टरबाई पडद्यावर वाकल्या. कोऱ्या नळीपाशी थांबल्या.

"हे तुकडे नाहीत," त्या म्हणाल्या. "अख्खं आहे. जिवंत माणसाच्या गालातून आत्ता काढल्यासारखं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "तुझ्याबरोबर कोण होतं इथे?"

"कुणी नाही."

त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिल्या. मग त्यांनी खोलीतले उरलेले दिवेही लावले.

मी पर्स उचलली आणि निघाले. दादा, तू असशील तर ये बाबा, असं मनातल्या मनात म्हणाले. लगेच वाटलं, नको. जिन्यात वास होता. रस्त्यावर होता. आमच्या गल्लीतही होता. मी मागे वळून पाहिलं नाही. मला पाहायचं नव्हतं.

दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. मी ढकलायच्या आत आईनेच उघडलं.

मी आत गेले, चपला काढल्या. आई दार धरून तशीच उभी होती.

"आई?"

तिने मला थांब म्हणून हात केला. थोडी बाजूला सरकली, वाट द्यायला सरकतात तशी. पदराने डोळे पुसले.

मग तिने दार लावलं, आणि कडी घातली.