फळ्यावरचा पाऊस

पाऊस आकाशातून पडतो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. सुटी लागल्या लागल्या ढापणीला तो फळ्यावर पडलेला दिसला.

"कालचा पाऊस: नऊ मिलिमीटर!" हवामान कचेरीबाहेरचा फळा तिने मोठ्यांदा वाचला. "भोपळ्या, काल भिजलास?"

"घामाने!" तिचा मावसभाऊ म्हणाला.

ढापणीने चष्मा सावरून वर पाहिलं. पिंजलेल्या कापसाच्या दोन-चार रेघा. "हे सिरस ढग, कालही हेच होते. खूप उंचावरचे, बर्फकणांचे. यातून पाऊस पडत नाही, आपल्या पुस्तकातच आहे!"

"मग नऊ मिलिमीटर काय ढगांनी पोस्टाने पाठवले?"

ढापणी हसली नाही. 'पाऊस समाधानकारक' म्हणून त्यांच्या वस्तीतला टँकर बंद झाला होता. आई लांबच्या नळावरून कॅन भरून तीन जिने चढत होती आणि तिची कंबर धरली होती.

"चल, आत घुसू!"

कुंपणाखालून सरपटत दोघं अंगणात शिरली. मखमली हिरवळ, आणि तिच्या मधोमध पर्जन्यमापक! इतक्यात फर्रर्र करून हिरवळीवरचा फवारा सुरू झाला. तो गोल फिरे आणि प्रत्येक फेरीत पर्जन्यमापकाच्या तोंडात पिचकारी मारे.

"सापडला पाऊस!" भोपळ्या ओरडला.

निरीक्षककाका आले ते छत्री उघडूनच. भांड्यातलं पाणी त्यांनी काचेच्या मापात ओतलं.

"काका, आभाळ कोरडं असताना छत्री कशाला?" ढापणी पुढे झाली.

"मग? भिजायला होतं ना!" आणि मग काका मापाकडे बघत पुटपुटले, "माझं काम मोजायचं. कुठून पडतो ते बघायचं नाही."

आवाज ऐकून बाहेर आलेल्या कचेरीच्या मोठ्या साहेबांनी मात्र दोघांची पाठ थोपटली. "शाबास! असे चौकस विद्यार्थी म्हणजे देशाचं भविष्य! पर्जन्यमापक आजच हलवतो!"

"मग टँकर सुरू होणार?"

"बाळ, वर कळवलेला पाऊस परत घेता येत नाही. कागदोपत्री तो पडून गेला."

ढापणी घरी पोचली तेव्हा आई दुसऱ्या जिन्यावर कॅन टेकवून बसली होती.

ढापणीने फवाऱ्याचं सगळं सांगितलं. "मग साहेब काय म्हणाले गं?"

"शाबास म्हणाले."

ढापणीने कॅन उचलला. तो वीस लिटरचा होता.