साळुबाईचा फोटो

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत बांगड्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांमधून एक अरुंद जिना वर जातो. त्या जिन्याच्या टोकाला इंद्रायणीचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक खोली, भिंतीला पांढरा पडदा, खिडकीशी टेबल आणि टेबलावर टॅबलेट. मोठा कॅमेरा तिच्याकडे कधी नव्हताच. फोटो मोबाईलवर काढायचा आणि टॅबलेटवर पेनाने तो असा उजळायचा की नवरीने स्वतःला ओळखू नये. वाढदिवसाचे बॅनर, साखरपुड्याच्या पत्रिका, पुढाऱ्यांची गोरी केलेली तोंडं, सगळं ती करायची. पण तिचं नाव झालं होतं ते वेगळ्या कामासाठी. ज्या माणसाचा जन्मभरात धड एक फोटो निघाला नाही, त्याचा फोटो ती तो माणूस गेल्यावर तयार करून द्यायची.

तालुक्यात अशी म्हातारी माणसं काही कमी नाहीत. असतो तो आधार कार्डावरचा फोटो, आणि त्यात कोण आहे हे पोटच्या पोरालाही सांगता येत नाही. मग घरचे येतात. इंद्रायणी विचारते, त्यांच्या तोंडवळ्याचं घरात कोण आहे? त्या नातलगाला ती पडद्यासमोर बसवते. भावाचं कपाळ घेते, मुलाचं नाक घेते, नातीची हनुवटी घेते, वर सुरकुत्या चढवते, की भिंतीवर टांगायला म्हातारा तयार. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. घरचंच घरात राहिलं, एवढाच हिशेब.

पिंपळवंडीचा गोरक्ष आला तो थेट मुद्द्यावर. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याला सवय नव्हती.

"ताई, आईचं वर्षश्राद्ध आलंय. फोटू पायजे. पर असा पायजे की दारातनं येणाऱ्या माणसानं 'साळुबाई, बसलीस का गं' म्हणावं."

साळुबाईचा जन्म मेंढरांमागे गेलेला. दिवाळी सरली की कळप घेऊन घाट उतरायचा आणि पावसाच्या आत वर यायचं. पोराने मेंढरं विकून कांदा धरला, तरी म्हातारीने चार मेंढ्या शेवटपर्यंत सोडल्या नव्हत्या. कार्डावरच्या फोटोत तिचा पदर तेवढा ओळखू येत होता. पदराच्या आत नुसता काळा डाग.

गोरक्षबरोबर त्याची धाकटी बहीण आशा आली होती, आंबेगावात लोणीला दिलेली. कडेवर दोन वर्षांची पोरगी, संस्कृती. आशा जिना चढताना बोलत होती, वर आल्यावर बोलत होती, पाणी पिताना तेवढी थांबली. हसली की खालचा भांडीवाला मान वर करून बघायचा. पोरगी आईच्या तोंडाकडे बघत बसलेली, आई हसली की तीही हसायची.

"आशी म्हंजे आईच," गोरक्ष म्हणाला. "डोळं, तोंड, समदं तेच. देवानं दुसऱ्यांदा कष्टच घेतलं न्हाईत."

"घ्या ताई, काय पायजे ते घ्या," आशा म्हणाली. "आईसाठी काय बी. मला तर तिचं तोंड आता नीट आठवत बी न्हाई वो. निजताना आठवाया जाते, तर नुसता पदर दिसतो."

इंद्रायणीने तिचे डोळे घेतले. सगळ्या बाजूंनी, खिडकीच्या उजेडात. टॅबलेटवर ते साळुबाईच्या पदराखाली ठेवले, पापण्या जड केल्या, बाहेरच्या कोपऱ्यांत उन्हाने पडतात तशा रेघा ओढल्या. आणि तिचा पेन थबकला. टॅबलेटवरची बाई तिच्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांत असं काम तिच्या हातून उतरलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

गोरक्षला फोटो पाठवला, तर त्याचा रडत फोन. "डोळं आईचं आलं, ताई. पर तोंड परकं वाटतंय. आशीला परत धाडतो."

आशा परत आली तेव्हा जिन्यावर तिचा आवाज ऐकू आला, म्हणून इंद्रायणीने दार उघडलं. आशाच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. दिसत तिला सगळं होतं, खुर्चीही तिने आपली आपण ओढून घेतली. पण ती आपल्याकडे बघते आहे असं काही केल्या वाटेना. घराला दार असावं आणि आत कुणी राहत नसावं, तसं काहीतरी.

"ताई, एक इचारू? ते डोळं काढल्यापासनं पोरगी माज्याकडं बघती अन् तोंड फिरवती. जवळ घ्याया गेलं की रडती. सासू म्हणती, दिष्ट लागली."

"दूध तोडलंत ना? मुलं रुसतात तेवढ्यापुरती," इंद्रायणी म्हणाली. तिचं तिला ते पटलंही. शिकल्यासवरल्या माणसाने पोराच्या रुसण्याला टॅबलेट जबाबदार धरायचा म्हणजे कमालच झाली.

"मग तोंड काढा लवकर. मला घरी जायचंय तिच्यापाशी."

इंद्रायणीने तिला हसवलं, ओठ मिटवायला लावले, बोलतं केलं. आई मेंढरांना कशी हाळी द्यायची, ते विचारलं. आशाने मान मागे टाकून अशी हाळी दिली की खालच्या बोळात माणसं थांबली. मोबाईल भराभर फोटो टिपत राहिला. जाताना आशा दाराशी "येते" म्हणाली असावी. ओठ हललेले दिसले. खालच्या भांडीवाल्याने मान वर केली नाही.

साळुबाई पुरी झाली आणि इंद्रायणीला दुसरं काही सुचेना. पदराच्या सावलीत म्हातारी बसलेली, काहीतरी बोलून आत्ताच थांबल्यासारखी. गोरक्षने मोठी प्रत काचेत बसवून नेली. इंद्रायणीने एक प्रत पुण्याला पाठवली. तिथे मोबाईल आणि टॅबलेटवर केलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. उत्तर आलं की हे चित्र दारासमोरच्या भिंतीवर एकटं लावणार आहेत. पुढाऱ्यांची तोंडं गोरी करण्यात जिची उमेद गेली, तिला या एका ओळीने काय झालं असेल ते सांगायला नको.

त्यानंतर एका सकाळी एक बाई वर आली. कडेवरचं पोर अंग ताठ करून ओरडत होतं, तिच्यापासून दूर रेटत होतं.

"या, कसला फोटो काढायचाय?" इंद्रायणीने विचारलं.

बाईचे ओठ हलले, आवाज आला नाही. इंद्रायणीने पोराकडे बघितलं, ती संस्कृती होती. मग पुन्हा बाईकडे बघितलं. नाक होतं, डोळे होते, ओठ होते. नजर हटवली की त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

आशाने आपल्या तोंडावर बोट ठेवलं. मग टॅबलेटवर ठेवलं. मग हात जोडले.

इंद्रायणीला हसायला यायला हवं होतं. आलं नाही. तिने साळुबाईचं चित्र उघडलं. अशा चित्रात एकेक अवयव आपापल्या थरावर असतो, काचेवर काच ठेवावी तसा. एक थर झाकला की बाकीचे तसेच राहतात. तिने तोंडाचा थर झाकला. मग डोळ्यांचा.

"ताई," आशा म्हणाली.

खणखणीत आवाज. तीच बाई समोर बसली होती, डोळे भरून बघत होती. संस्कृती रडायची थांबली. तिने हात लांब करून आईचा गाल धरला आणि म्हणाली, "आये."

"ताई, माजं मला द्या वो. मी चुकले. पोरगी मला वळखंना. आईचा फोटू नगं मला, माजं तोंड द्या."

टॅबलेटवर पदर होता. पदराच्या आत काळा डाग.

मोबाईल वाजला. गोरक्ष. मागे बायकांचा कालवा.

"ताई, आई गेली वो! आत्ता, समद्यांच्या डोळ्यांम्होरं! काचंत नुसता पदर ऱ्हायलाय. काय तरी करा, ताई, पाया पडतो!"

आशाने ते ऐकलं. पोरीला घट्ट धरून तिने मान हलवली. नको.

इंद्रायणीने त्या काळ्या डागाकडे बघितलं. तिला पुण्याची भिंत दिसली, दारासमोरची, रिकामी.

"बसा," ती आशाला म्हणाली. "करते नीट. कायमचं करून टाकते."

"लई उपकार व्हतील," आशा म्हणाली.

इंद्रायणीने दोन्ही थर उघडले.

पोर किंचाळलं.

तिने वर बघितलं नाही. सगळे थर निवडले आणि एकत्र करण्याचं बटण दाबलं. टॅबलेटने विचारलं, हे पुन्हा वेगळं करता येणार नाही, चालेल?

तिने 'हो' दाबलं.

फोनवर गोरक्ष हसत होता, रडत होता. "आली! आली बघा!"

वर्षश्राद्धाला गोरक्षने इंद्रायणीला आग्रहाने नेलं, साडी दिली, पुढे बसवलं. अंगणात मांडव, खुर्चीत हार घातलेली साळुबाई. येणारा जाणारा तिच्याशी बोलूनच पुढे जायचा. आशा वाढत होती. पंगतीतली माणसं तिच्या हातून भात घ्यायची, पण कुणी मान वर करत नव्हतं. लोणीहून कोणी आलंय का, असं एका म्हातारीने तिलाच विचारलं.

संस्कृती खुर्चीपाशी होती. काचेला गाल लावून ती म्हणत होती, "आये, भूक. आये."

"आजीचा किती लळा!" बायकांनी डोळे पुसले.

आशा तिला उचलायला गेली. पोरीने असा आकांत मांडला की गोरक्षच्या बायकोने, पुष्पाने, तिला हिसकून घेतलं. "आवो, कोण तुमी? लेकरू भेलं न्हवं का!" म्हणाली, आणि मग ओशाळून, "आगं बया, आशाताई व्हय."

सगळे फोटोसाठी उभे राहिले. इंद्रायणीने मोबाईल समोर धरला. पडद्यावर, मोबाईलला ओळखू आलेल्या एकेका तोंडाभोवती पिवळी चौकट उमटत गेली. गोरक्ष. पुष्पा. तिच्या कडेवर हुंदके देणारी संस्कृती. खुर्चीतली साळुबाई. आशा कडेला उभी होती. इंद्रायणीने तिला पदर मागे घ्यायला सांगितलं, उजेडात यायला सांगितलं. आशाने पदर मागे घेतला आणि सरळ मोबाईलकडे तोंड केलं. चौकट आली नाही.

"काढा की, ताई," गोरक्ष म्हणाला. "आली ना समदी त्यात?"

"आली," इंद्रायणी म्हणाली, आणि तिने फोटो काढला.