एकतिसावा माणूस

बसमध्ये माणसं एकतीस होती, ड्रायव्हर सोडून. मोठी बारा, मुलं एकोणीस. जेवणाचे डबे नऊ, पाण्याचे जार दोन, बॅट एक, चेंडू तीन आणि उलटीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या सहा. बस पांडेसऱ्यातल्या गल्लीतून सुटायच्या आधीच धनश्रीने हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून टाकलं.

"पिशव्या कशाला मोजतेस गं?" तिच्या धाकट्या भावाने, योगराजने विचारलं.

"कारण पाच तर तुलाच लागणार!" शेजारच्या खोलीतली वर्षा म्हणाली आणि मागच्या सीटवरची सगळी पोरं खिदळली.

दिवाळीच्या सुट्टीचे चार दिवस उरले होते. कापड विणायच्या लूमचे कारखाने अजून उघडले नव्हते, म्हणून गल्लीतल्या काशिनाथकाकांनी सोनगढच्या किल्ल्याची सहल काढली होती. कडोदरा गेलं, बारडोली गेलं, व्याऱ्याला चहा झाला. बसमध्ये नुसता कल्लोळ! गल्लीतली बहुतेक मोठी माणसं लूमवर काम करणारी. बारा-बारा तास त्या खडखडाटात काढले, की माणूस घरीही ओरडूनच बोलतो. त्यामुळे कुणी ओरडलं तर गल्लीत कुणाला नवल वाटत नसे.

खिडकीशी धनश्रीचे पप्पा, सुकदेव, बाहेर बघत शांत बसले होते.

"अहो, पाणी पाहिजे का?" आईने मागून विचारलं. उत्तर नाही. "बघा! सणासुदीलाही रुसवा!" ती पुटपुटली आणि बाटली परत पिशवीत गेली.

किल्ल्यावर एका पडक्या भिंतीसमोर उभं राहून हाक मारली, की हाक परत येत होती.

"ओऽऽ!" योगराज ओरडला.

"ओऽऽ!" भिंतीने उत्तर दिलं. सगळे हसले. पप्पाही हसले.

धनश्री मात्र हसायची थांबली. पप्पा सगळ्यांच्या नंतर हसले होते. त्यांनी आधी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग ते हसले. ती पुन्हा बघत राहिली. दुसऱ्या हाकेलाही तसंच. तिसऱ्या हाकेलाही तसंच!

ती त्यांच्या मागे पाच पावलांवर जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, तुमच्या खांद्यावर विंचू आहे."

पप्पा हलले नाहीत.

"रागावलेत का गं?" योगराजने हळूच विचारलं.

"विंचू म्हटल्यावर कोण रागावून बसतं?" वर्षा म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता.

धनश्रीला शाळेचं स्नेहसंमेलन आठवलं. तिने कविता म्हटली होती. पप्पा पहिल्या रांगेत होते आणि त्यांनी खूप टाळ्या वाजवल्या होत्या. बाकीच्यांनी सुरू केल्यावर.

साडेचारला काशिनाथकाकांनी शिट्टी फुंकली. "चला रे! खाली चला!" उतरताना सगळ्यांची गर्दी झाली. खाली काकांनी बसच्या दारात उभं राहून भराभर डोकी मोजली.

"एकतीस! बरोबर! घ्या गाडी!"

"चालो, मोडुं थयुं!" उशीर झाल्याचं गुजरातीत म्हणत पहिल्या सीटवर टेकलेला ड्रायव्हर उठला आणि आपल्या जागेवर गेला.

धनश्रीने वही उघडली. "काका, थांबा! येताना एकतीस ड्रायव्हर सोडून होते. तुम्ही आत्ता त्यालाही मोजलंत!"

"अगं, पंधरा वर्षं सहली काढतोय मी! बस खाली."

पप्पांची खिडकीजवळची सीट रिकामी होती. पुढे बायकांच्या घोळक्यात बसलेल्या आईला वाटत होतं, पप्पा मागे असतील. "पप्पा राहिले!" धनश्री ओरडली, पण त्या कल्लोळात कुणी लक्ष दिलं नाही. बस हलली. धनश्रीने योगराजकडे पाहिलं. योगराजने तोंडावर हात दाबला, डोळे फिरवले आणि इतका भयंकर आवाज काढला, की ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला.

"माझी नवी गाडी! उतार एने, खाली उतार!"

धनश्री, योगराज आणि वर्षा, तिघंही उडी मारून उतरली आणि पायऱ्यांकडे पळत सुटली. वर्षाच्या खांद्यावर डब्याची पिशवी तशीच राहिली होती.

"अरे, कुठे चाललात?" मागून काका ओरडत होते.

वर पोहोचली तेव्हा तिघांनाही धाप लागली होती. सूर्य डावीकडे समोर होता. उजवीकडे समोर, शंभरेक पावलांवर, पप्पा तटाच्या कडेने त्यांच्याकडे पाठ करून चालले होते. खालून नंदुरबारकडे जाणारी रेल्वेगाडी चालली होती. गावाकडची गाडी. ती दिसेनाशी होऊ नये म्हणून पप्पा वाट सोडून पुढे पुढे जात होते. आणि पुढे गवताखाली तट ढासळलेला होता, तिथली फट इथून तिघांना दिसत होती!

"पप्पाऽऽ!" तिघांनी एकदम हाक मारली. मागची भिंतसुद्धा ओरडली. पप्पा चालतच राहिले.

"पळून पोहोचणार नाही आपण!" योगराज रडकुंडीला आला.

"डब्याचं झाकण!" धनश्रीने वर्षाच्या पिशवीतून स्टीलचं झाकण ओढून काढलं. ऊन झाकणावर घेतलं, तिरकं केलं. उजेडाचा ठिपका गवतावरून धावला, पप्पांच्या खांद्यावरून गेला आणि त्यांच्या समोरच्या दगडावर थरथरत थांबला.

पप्पा थांबले. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, पण एक पाय पुढे टाकायला उचललेलाच होता.

धनश्रीने झाकण टाकलं आणि दोन्ही हात डोक्यावर उंच करून एकमेकांवर आडवे धरले. कारखान्यात कुणाला कुणाचं ऐकू जात नाही, म्हणून तिथे हातांनी बोलतात. ही खूण पप्पांनीच तिला लहानपणी खेळता खेळता शिकवली होती: मशीन बंद कर, आत्ताच्या आत्ता.

लूमवरच्या एकोणीस वर्षांच्या सवयीने पप्पांचा उचललेला पाय होता तिथेच परत टेकला.

तिघं जवळ पोहोचली. योगराजने पप्पांच्या पुढच्या गवतात एक दगड टाकला. एक... दोन... मग खालून आवाज आला.

"दोन सेकंद. म्हणजे जवळजवळ वीस मीटर," धनश्री म्हणाली.  ती पप्पांच्या समोर आली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "पप्पा, दगड पडल्याचा आवाज आला तुम्हाला?"

पप्पा तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग खाली बसले.

"माले आयकू येस नही, बेटा," ते अहिराणीत म्हणाले. बाहेर ते कधी अहिराणी बोलत नसत. "दोन वर्षं झाली. शेठला कळलं तर मशीनवरून काढतील. धागा तुटला की आवाज बदलतो मशीनचा. मी हात ठेवून ओळखतो."

"आईला का नाही सांगितलं?" योगराजने विचारलं. पप्पांना ते कळलं नाही. धनश्रीने प्रश्न पुन्हा विचारला, हळू, समोरून.

"तिला वाटतं मी रुसतो. रुसलेला माणूस बरा," पप्पा म्हणाले.

वर्षाने तोंड फिरवून डोळे पुसले.

इतक्यात धापा टाकत काका आणि आई आले. धनश्रीने त्यांना सगळं सांगितलं. काकांनी गवत बाजूला करून खाली पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरकले.

"मी तीस माणसं घेऊन निघालो होतो," ते म्हणाले. "पोरांनो, तुम्ही होतात म्हणून! शाब्बास! आणि आपण सगळे गल्लीत ओरडूनच बोलतो, म्हणून कुणाला कळलं नाही रे, सुकदेव. शेठकडे मी येतो तुझ्याबरोबर. पण आधी कान दाखवायचे."

आई पप्पांच्या समोर जाऊन बसली. बाटली उघडून तिने त्यांच्या हातात दिली. 

परतताना आई पप्पांच्या शेजारच्या सीटवर बसली.

बुधवारी सरकारी दवाखान्यात पप्पा काचेच्या खोलीत बसले. कानावर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर तिघं आणि आई उभी होती. भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलं होतं: चांगल्या कानाला पंचवीस डेसिबलचा आवाजही ऐकू येतो. साधं बोलणं, साठ.

पप्पांचा अंगठा बटणावर होता. बराच वेळ तो हललाच नाही. ते काचेतून धनश्रीच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती मुद्दाम जमिनीकडे पाहू लागली.

वीस मिनिटांनी कागद मिळाला. धनश्रीने तो वहीच्या शेवटच्या पानावर, एकतीसच्या खाली उतरवून घेतला.

उजवा कान, ६८ डेसिबल. डावा कान, ७४.