मिंबराच्या दाराचा दुरुस्ती अहवाल

वस्तू

लाकडी दार, एकेरी, उंची माझ्या खांद्याइतकी. मशिदीत प्रवचन देणारा ज्या पायऱ्यांवर उभा राहतो त्या मिंबराचं हे दार. अक्रोडाचे एकशे शहाऐंशी तुकडे, मधोमध बारा टोकांचा तारा. खिळा नाही, सरस नाही. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, बस.

संचालक बाई, हे तुम्हाला माहीत आहे. दालनात पाहुण्यांना तुम्ही माझ्यापेक्षा छान सांगता. कोरड्या मुलखात मोठी फळी तडकते, म्हणून सुतारांनी लहान तुकडे सैल बसवायला घेतले. उन्हाळ्यात आकसायला आणि थंडीत फुगायला जागा ठेवली. फरशीवर, घुमटात, ग्रंथाच्या पहिल्या पानावर फुललेली भूमिती त्यांनी लाकडात उतरवली. लोक माना डोलवतात. तरी हा कागद शेवटपर्यंत वाचा. रकाने नेहमीचेच ठेवलेत, नाहीतर तुम्ही बाजूला ठेवाल.

स्थिती

उत्तम. दार खुळखुळायचं, एवढीच तक्रार, आणि तीही तुमची. शेजारून कुणी चाललं तरी आवाज.

"अहो, सातशे वर्षांची वस्तू आहे की बाळाचा खुळखुळा? देणगीदारांसमोर लाज गेली माझी."

"श्वास घेतंय ते, बाई," मी म्हणालो. हे शब्द उस्तादांचे. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली.

"मग प्रदर्शनापुरता रोखून धरायला सांगा त्याला."

आपण दोघंही हसलो होतो.

वापरलेलं साहित्य

दहा तुकड्यांना सरस. अकराव्याला, मधल्या ताऱ्याला, सरस धरेना, म्हणून दोन नळ्यांतला रासायनिक गोंद. सोमवार, सकाळी दहा ते साडेअकरा.

हे करायचं नसतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही. पण उद्घाटन जवळ आलं होतं, आणि मला तुमची बोलणी खायची नव्हती.

साडेअकराला शाळेतून फोन आला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. एका जागी ठरत नाही म्हणून घरी तिला खारू म्हणतात. तिच्या वर्गाच्या बाई सांगत होत्या, खारू मैदानावर बसून राहिलीय, तिला श्वास लागलाय.

हातातला तारा बसवूनच मी निघालो. हे मुद्दाम लिहितोय.

निरीक्षणं

रुग्णालयात तिच्या बोटाला चिमटा लावला होता. पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा : ८४.

"फुफ्फुसं अगदी स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाले. "फक्त फुलत नाहीयेत. असं मी पाहिलेलं नाही."

खारूने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "बाबा, मी चिकटलेय."

"कुठे गं, राणी?"

"आतून."

मी हवेतला ओलावा मोजणारा माणूस आहे. नवस बोलत नाही, अंगारे लावत नाही. पण घाबरलो की उस्तादांना फोन करतो. मुलीचं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी मध्येच तोडलं.

"दार कसंय?"

"उस्ताद, मी खारूबद्दल बोलतोय."

"ऐकलं. सरस लावलास?"

मी बोटांवरचा वाळलेला सरस खरवडू लागलो.

"किती तुकड्यांना?"

"अकरा."

"काढ. आत्ताच्या आत्ता जा आणि काढ."

"तुम्ही पण ना! त्याचा आणि हिचा काय संबंध?"

मग ते म्हणाले, "माझ्या घरात मूल का नाही, हे तू कधी विचारलं नाहीस." आणि फोन ठेवला.

केलेलं काम

मंगळवार, सकाळी नऊपासून. गरम पाण्याचा बोळा आणि पातळ पातं. पहिला तुकडा दहा वीसला सुटला. बायकोचा फोन आला : "अहो, ८५ झालाय."

दुसरा सुटला. ८६.

औषधानेही वाढतो आकडा. म्हणून मी पातं खाली ठेवलं आणि तासभर नुसता बसलो. तासभर आकडा ८६ वरच राहिला. तिसरा सोडवला. ८७.

पुरती खात्री करायची तर एक तुकडा पुन्हा चिकटवून बघायला हवा होता. तेवढं शास्त्र माझ्याच्याने झालं नाही.

दहावा सुटला तेव्हा ९४. मग राहिला तारा.

केलेलं काम उलटवता येईल का?

या रकान्यात मी वीस वर्षं 'होय' लिहीत आलो. आमच्या कामाचा तो पहिला नियम.

तारा : नाही.

पाण्याने नाही. वाफेने नाही. तुमच्या कपाटातल्या तिन्ही द्रावणांनी नाही. ओलाव्याने लाकूड फुगून तारा उलट आणखी आवळला.

दुपारी दोनला फोन. "आकडा उतरतोय. ८९. घशात नळी घालायची म्हणतायत. तुम्ही आहात कुठे? दारापाशीच का?"

मी पटाशी घेतली.

बारांपैकी खालचं एक टोक उडवलं. नखाएवढं लाकूड, सातशे वर्षांचं. तिथून पातं आत गेलं आणि तारा सुटला.

खोलीत वारा नव्हता. खिडक्या बंद होत्या. मी दाराला हात लावलेला नव्हता.

एकशे शहाऐंशी तुकडे एकदम आत गेले. मग बाहेर आले.

फोन चालूच होता. बायको रडत होती. तिच्या मागून आवाज आला, "आई, भूक लागलीय."

तुटलेलं टोक सोबतच्या पाकिटात आहे. मी ते तुमच्यापासून लपवलं. नोकरीवरून काढा, खटला भरा, खुशाल भरा. फक्त पुढचा रकाना वाचा.

शिफारस

महिन्यापूर्वीची, माझ्याच सहीची : 'वस्तू कायमस्वरूपी हवाबंद काचपेटीत ठेवावी.'

मी विसरून गेलो होतो, बाई. चांगली शिफारस होती. कुणीही तीच केली असती.

आज खारूला घेऊन घरीच होतो. अकरा वाजता तुम्ही फोटो पाठवलात. दार पेटीत, चारी बाजूंनी काच. खाली तुमचा निरोप : 'आवाजाचा प्रश्नच मिटला! चार वाजता आतली हवा काढून नायट्रोजन भरतील. मग पुढची शंभर वर्षं काळजी नाही.'

तुम्हाला चौदा फोन केले. तुम्ही पाहुण्यांबरोबर आहात. दालनाशी पहारेकरी अडवतो. "साहेब, तुम्ही रजेवर आहात, आत सोडायचं नाही असं सांगितलंय." त्याच्याशी झटापट केली, तर दोघांनी धरून बाहेर आणलं. शेवटी त्यालाच दया आली. हा कागद तो तुमच्या हातात देईल.

तुमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. खारू बरोबर आहे. तिला एकटं ठेवायचा धीर झाला नाही.

पेटी उघडा. एक फट ठेवली तरी चालेल. बोटभर.

तीन पंचवीस

खारू कॉरिडॉरच्या मधोमध थांबली आहे. तळहात समोर धरलाय, सपाट.

"बाबा, इथे काच कुणी लावली?"

मी उठून हात घातला. तिथे काही नाही. माझा हात सरळ तिच्या खांद्यावर गेला.

"आता मागेपण आहे," ती म्हणाली.

तीन चाळीस

बाई, लवकर.

ती आता बोलत नाही, माझ्याकडे बघते. तिच्या ओठांपासून बोटभर अंतरावर, हवेत, वाफेचा एक गोल डाग उभा आहे. मघाशी तो दर श्वासागणिक पुसला जात होता.

आता तो तसाच राहतो. त्याच्या खालच्या कडेवरून एक थेंब सरळ, सावकाश खाली ओघळतोय.